नाही म्हणायला न शिकलेलं कॉलेज

१९३५ च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्को ज्युनिअर कॉलेज सुरू झालं तेव्हा त्याच्या मालकीची एक खोलीसुद्धा नव्हती. सकाळचे वर्ग पॉवेल स्ट्रीटवर, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विस्तार विभागाच्या इमारतीत. दुपारचे वर्ग गॅलिलिओ हायस्कुलात, तिथली मुलं घरी गेली की. दोन्ही जागा उसन्या. हजारभर विद्यार्थी आणि पाऊणशे शिक्षक वह्या-पुस्तकं काखोटीला मारून केबल कारनं, ट्रामनं, नाहीतर त्या शहराचे प्रसिद्ध चढउतार पायी तुडवत इकडून तिकडे जात. विद्यार्थी वाढले तशा उसन्या जागाही वाढल्या आणि बघता बघता आकडा बावीसवर गेला. गावानं कॉलेजला नाव ठेवलं, 'ट्रॉली कार कॉलेज'.

या ज्युनिअर कॉलेजाचा आपल्या अकरावी-बारावीशी संबंध नाही. अमेरिकेत हायस्कूल बारावीला संपतं. हे कॉलेज त्यापुढच्या दोन वर्षांचं, म्हणजे तेरावी-चौदावीचं. इलिनॉयमधल्या जोलिएट गावात १९०१ साली असं पहिलं सरकारी कॉलेज निघालं. कॅलिफोर्नियानं १९०७ मध्ये कायदा करून हायस्कुलांना पुढची दोन वर्षं शिकवायची मुभा दिली आणि १९१० मध्ये फ्रेस्नोनं तिचा पहिला लाभ घेतला. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत राज्यात शेतीवाडीच्या गावांतही अशी कॉलेजं निघाली. सॅन फ्रान्सिस्को मात्र ढिम्म राहिलं. खाडीपलीकडे बर्कलीचं विद्यापीठ, दक्षिणेला स्टॅनफर्डचं. मग शहरात आणखी कॉलेज कशाला, असाच बहुधा हिशेब असावा.

तो हिशेब मंदीनं मोडला. १९३४ च्या उन्हाळ्यात बंदरातल्या गोदी कामगारांचा संप चिघळला, जुलैत पोलिसांच्या गोळीबारात दोघांचा बळी गेला आणि सगळं शहर चार दिवस बंद राहिलं. बापाला काम नव्हतं तिथे हायस्कूल संपवलेल्या पोराला कोण देणार? बर्कलीला जायचं तर खाडीवरचा पूल अजून व्हायचा होता (तो १९३६ च्या नोव्हेंबरात खुला झाला). तोवर फेरीबोट, तिचं भाडं आणि विद्यापीठाची फी. शहराच्या शाळाखात्यातले उपप्रमुख आर्चिबाल्ड क्लाउड यांनी शाळा मंडळाला कॉलेज काढायला लावलं आणि तेच त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९४९ पर्यंत, म्हणजे चौदा वर्षं, त्यांनी ते सांभाळलं.

क्लाउड यांनी दारावर चाळणी ठेवली नाही. बर्कलीला जायची लायकी आणि इच्छा असलेल्यांना पहिली दोन वर्षं इथे करून पुढे जाता येईल, आणि ज्यांना दोन वर्षांत हाताला काम हवंय त्यांना ते शिकवलं जाईल, असे दोन रस्ते पहिल्यापासून होते. दुसऱ्या रस्त्यावरचा सगळ्यात गाजलेला अभ्यासक्रम हॉटेल आणि रेस्टॉरंटचा. तो १९३६ मध्ये सुरू झाला. दोन वर्षांच्या कॉलेजात असा अभ्यासक्रम देशात पहिलाच, असं कॉलेज आजही अभिमानानं सांगतं. सॅन फ्रान्सिस्को हे हॉटेलांचं शहर, आणि १९३९ मध्ये मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरणार होतं. माणसं लागणारच होती. पुढे विद्यार्थी कॉलेजच्याच भटारखान्यात राबू लागले. स्वयंपाक, वाढप, खरेदी, हिशेब, भांडी, सगळं त्यांच्याकडे, आणि गिऱ्हाईक म्हणजे त्यांचेच मित्र आणि मास्तर. परीक्षकाला चव कळत होती, त्यामुळे गुण मिळवणं सोपं नसावं.

स्वतःची जागा मिळाली ती बालबोआ पार्कला लागून असलेल्या टेकडीवर. तिथे पूर्वी शहराचा तुरुंग होता. एप्रिल १९३७ मध्ये कुदळ पडली. आराखडा टिमथी फ्लुगर यांचा. शहरातली नावाजलेली सिनेमागृहं आणि उंच इमारती उभारलेला हा स्थपती. केंद्र सरकारच्या मंदी-निवारण योजनांतून पैसा आला आणि १९४० मध्ये सायन्स हॉल आणि व्यायामशाळा तयार झाल्या. ट्रामवरच्या कॉलेजाला घर मिळालं.

फ्लुगर यांच्या डोक्यात मात्र नुसत्या वर्गखोल्या नव्हत्या. खाडीतल्या ट्रेझर आयलंड या कृत्रिम बेटावर ते प्रदर्शन भरलं होतं. १९४० च्या हंगामासाठी त्यांनी शक्कल काढली: विमानं ठेवायच्या मोठ्या हँगरमध्ये चित्रकार-शिल्पकारांना लोकांसमोर काम करायला बसवायचं, आणि तयार झालेल्या कामातलं बरंचसं कॉलेजला न्यायचं. मेक्सिकोहून चित्रकार दिएगो रिव्हेरा आले. बावीस फूट उंच, चौऱ्याहत्तर फूट लांब असं भित्तिचित्र त्यांनी दहा तुकड्यांत रंगवलं, म्हणजे ते पुढे उचलून नेता यावं. तरी वजन तीसेक टन भरलं. प्रेक्षक तिकीट काढून येत आणि मचाणावरचे रिव्हेरा ओल्या गिलाव्यावर रंग चढवताना बघत.

चित्रात काय नाही? मध्यभागी अझ्टेकांची कोआत्लिक्वे देवी, अर्धी दगडाची आणि अर्धी मोटार कारखान्यातल्या अजस्र यंत्राची. खाडीवरचे नवे पूल. चार्ली चॅप्लिन, हिटलर, स्टालिन, मुसोलिनी. रंगांची पाटी घेतलेली, रिव्हेरांची पूर्वाश्रमीची पत्नी, चित्रकार फ्रिडा काहलो. कुऱ्हाडीनं लाकूड कोरणारे डडली कार्टर. आणि निळ्या आकाशात सूर मारणारी एक मुलगी, हेलन क्रलेन्कोविच: डायव्हिंगमधली राष्ट्रीय विजेती आणि याच ज्युनिअर कॉलेजची विद्यार्थिनी. हुकूमशहा, देवदेवता आणि सिनेनट यांच्या पंगतीत या कॉलेजची मुलगी जाऊन बसली ती अशी. चित्र प्रदर्शन संपल्यावर नोव्हेंबरअखेर पुरं झालं. डिसेंबरात रिव्हेरा आणि फ्रिडा यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये दुसऱ्यांदा एकमेकांशी लग्न केलं.

हे चित्र कॉलेजच्या नियोजित ग्रंथालयात लागायचं होतं. ते ग्रंथालय झालंच नाही. युद्ध आलं, १९४६ मध्ये फ्लुगर वारले, आणि रिव्हेरांचं चित्र खोक्यांत बंद होऊन वीस वर्षं पडून राहिलं, त्यातली काही वर्षं व्यायामशाळेजवळच्या शेडमध्ये. १९६१ मध्ये टिमथींचे भाऊ मिल्टन फ्लुगर यांनी ते कॉलेजच्या नव्या नाट्यगृहाच्या दर्शनी दालनात बसवलं. दालन इतकं अरुंद की अख्खं चित्र एका नजरेत मावेल इतकं मागे सरकायला जागाच नव्हती. कार्टर यांनी रेडवूडच्या एका ओंडक्यातून कोरलेला मेंढा, कॉलेजचं मानचिन्ह, त्याच्या वाट्याला वेगळेच भोग आले: पोरांनी त्याला वर्षानुवर्षं रंग फासले. १९८० च्या दशकात नव्वदी गाठलेल्या कार्टर यांनी स्वतः येऊन तो खरवडून पुन्हा लाकडावर आणला.

युद्धानं ग्रंथालय हिरावलं, पण दुसरीकडून दान टाकलं. कॉलेजसमोर रस्त्यापलीकडे पाणीखात्याची मोकळी जमीन होती. तिच्यावर नौदलानं आपल्या महिला दलासाठी बराकी बांधल्या होत्या. युद्ध संपल्यावर त्या कॉलेजकडे आल्या, आणि नेमक्या त्याच वेळी विद्यार्थ्यांचा लोंढा आला. १९४४ च्या 'जीआय बिल' कायद्यानं परतलेल्या सैनिकांचा शिक्षणाचा खर्च सरकारनं उचलला होता. पॅसिफिकमधून आलेले सैनिक याच बंदरात उतरत. कित्येकांनी तिथेच बस्तान बसवलं. बराकींत वर्ग भरले, राहण्याची सोय झाली, कॅफेटेरिया निघाला. अठरा वर्षांच्या पोरांच्या शेजारी तिशीतले, बायकामुलं असलेले गडी बसू लागले. कॉलेज हे फक्त हायस्कुलातून आलेल्या पोरांसाठी असतं, ही समजूत इथे कायमची पुसली गेली. १९४८ मध्ये नावातलं 'ज्युनिअर' गेलं आणि सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्को हे नाव आलं. बराकी पुढे पाडल्या गेल्या. पाणीखात्यानं जमीन परत मागितली.

१९६० मध्ये राज्यानं उच्च शिक्षणाचा 'मास्टर प्लॅन' केला. हायस्कुलातल्या वरच्या आठव्या हिश्श्यातली मुलं कॅलिफोर्निया विद्यापीठात, वरच्या एक तृतीयांशातली राज्य कॉलेजांत, आणि बाकी ज्याला ज्याला शिकायचंय तो दोन वर्षांच्या कॉलेजात, तेही फीविना. दोन वर्षांनी गुण चांगले असतील तर विद्यापीठाचं दार पुन्हा उघडं. कागदावर ही शिडी सुरेख होती, आणि पुष्कळांच्या बाबतीत प्रत्यक्षातही. फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सन याच कॉलेजच्या मैदानावरून सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात गेला.

पण सिटी कॉलेजला सिटी कॉलेज बनवणारी घटना त्यानंतर दहा वर्षांनी घडली आणि ती कुणाच्या फारशी ध्यानातही नाही. १९७० मध्ये कॉलेज शाळाखात्यापासून वेगळं होऊन त्याचा स्वतंत्र शिक्षण-जिल्हा झाला, आणि वेगळं होताना ते शहराचे प्रौढ शिक्षणाचे वर्गही घेऊन आलं. हे वर्ग कॉलेजपेक्षा कितीतरी जुने. १८५६ मध्ये सेंट मेरी कॅथिड्रलच्या तळघरात शहरानं पहिली रात्रशाळा भरवली होती. आता एकाच संस्थेत दोन घराणी नांदू लागली. टेकडीवर पदवीकडे नेणारे 'क्रेडिट' वर्ग. गल्लोगल्ली, शाळांत, चर्चमध्ये, भाड्याच्या गाळ्यांत 'नॉन-क्रेडिट' वर्ग. या वर्गांना गुण नाहीत, परीक्षेचा बाऊ नाही, फी तर नाहीच. १९९० च्या सुमारास दोन्ही घराणी एका नावाखाली आली. आपल्याकडचं वरिष्ठ महाविद्यालय, आयटीआय आणि महापालिकेची रात्रशाळा एकत्र करून त्यांना एकच प्राचार्य द्यावा, तसं हे प्रकरण.

नॉन-क्रेडिटमध्ये सगळ्यात मोठा विभाग इंग्रजीचा: परभाषिकांना इंग्रजी. १९६५ च्या नव्या कायद्यानं अमेरिकेची दारं आशियाला खुली झाली. हाँगकाँग, तैवान, फिलिपिन्स, पुढे युद्धानंतर व्हिएतनाम, मध्य अमेरिका. भांडी घासून, शिवणयंत्र चालवून, दुपारची पाळी संपवून आलेली माणसं बाकावर बसून भाड्याची पावती कशी वाचायची, डॉक्टरला दुखणं कसं सांगायचं, हे शिकत. मग नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी, मग हायस्कूलचा दाखला, आणि कुणी कुणी तिथून टेकडीवर, क्रेडिट वर्गात. ही चढण वर्षानुवर्षांची असते. आकडेवारी मागणाऱ्यांना ती नेहमीच अपयशासारखी दिसते.

शहरात जे जे उकळत होतं ते कॉलेजच्या अभ्यासक्रमात उतरत गेलं. थोड्या अंतरावरच्या सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात १९६८-६९ ला विद्यार्थ्यांचा लांबलेला संप झाला. गोऱ्या नसलेल्यांची मागणी होती: आमचा इतिहास शिकवा. सिटी कॉलेजात १९७० मध्ये फिलिपाइन स्टडीज विभाग निघाला. १९७२ मध्ये समलिंगी साहित्यावरचा वर्ग सुरू झाला, देशातल्या पहिल्या काही वर्गांपैकी एक; आणि १९८९ मध्ये समलिंगी अभ्यासाचा स्वतंत्र विभाग उघडला, तो अमेरिकेतला पहिला. एड्सनं शहर पोखरलं जात असतानाचा तो काळ. दुसरीकडे विमानांची देखभाल शिकवणारा विभाग थेट विमानतळावर, अग्निशमन, नर्सिंग, मोटार दुरुस्ती, फुलांची रचना, आणि पुढे जैवतंत्रज्ञान. बायोटेक कंपन्यांच्या प्रयोगशाळांना पीएच.डी. पुष्कळ मिळत होते. पिपेट नीट धरणारी माणसं कमी पडत होती.

वस्त्यांनी हे कॉलेज नुसतं वापरलं नाही, भांडून मिळवलं. शहराच्या आग्नेयेला बेव्ह्यू ही कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांची वस्ती. तिथला सांडपाणी प्रकल्प वाढवायचा ठरला तेव्हा रहिवाशांनी बदल्यात काहीतरी मागितलं. १९८० च्या दशकात त्यांना जी इमारत मिळाली तिच्यात सिटी कॉलेजचे वर्ग भरू लागले. चायनाटाऊनची वाट तर आणखी लांब. वर्षानुवर्षं तिथले वर्ग भाड्याच्या विखुरलेल्या जागांत भरत. नव्या इमारतीला विरोध झाला, खटले झाले. शेवटी २०१२ मध्ये कर्नी स्ट्रीटवर चौदा मजली इमारत उभी राहिली. १९७७ मध्ये जिथून म्हाताऱ्या फिलिपिनो आणि चिनी भाडेकरूंना पोलिसांनी रात्री बाहेर काढलं होतं, त्या इंटरनॅशनल हॉटेलच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर.

त्याच २०१२ च्या जुलैत कॉलेजवर कुऱ्हाड कोसळली.

पैशाचं दुखणं जुनं होतं. १९७८ च्या 'प्रपोझिशन १३' नं राज्यभर घरपट्टीला लगाम घातला आणि कम्युनिटी कॉलेजांचा (दोन वर्षांच्या कॉलेजांचं नवं नाव) पैसा गावाच्या हातून राज्याच्या हाती गेला. १९८४ मध्ये, आयुष्यात पहिल्यांदा, या कॉलेजांत फी आली: युनिटला (अभ्यासक्रमाच्या एका श्रेयांकाला) ५ डॉलर, सत्राला फार तर ५०. २०१२ पर्यंत ती युनिटला ४६ डॉलर झाली होती. २००८ च्या मंदीत राज्यानं अनुदान छाटलं. राज्यातल्या इतर कॉलेजांनी वर्ग बंद केले, माणसं काढली. सिटी कॉलेजनं शक्य तेवढे वर्ग चालू ठेवले आणि राखीव गंगाजळी खात बसलं. विद्यार्थी त्या वेळी ८५ ते ९० हजार.

त्या जुलैत मान्यता देणाऱ्या एसीसीजेसी या मंडळानं (आपल्या नॅकसारखं, पण खासगी) कॉलेजला विचारलं: तुमची मान्यता का काढू नये ते सांगा. अहवालात सुधारणेच्या चौदा शिफारशी होत्या. वर्गातल्या शिकवण्यावर त्यांचा रोख नव्हता. तक्रार कारभाराची होती. बजेटमधल्या शंभरातले ब्याण्णव डॉलर पगार आणि भत्त्यांवर जात, राखीव निधी नावापुरता, वरचे अधिकारी हाताच्या बोटांवर आणि निर्णय कोण घेतो याचा पत्ता नाही. यातलं पुष्कळसं खरं होतं, हे कॉलेजच्या कैवाऱ्यांनीही खासगीत नाकारायचं कारण नाही.

पण त्याखाली एक मोठा वाद होता. राज्याचं धोरण त्याच सुमारास बदलत होतं: जागा मर्यादित, तर पदवी आणि विद्यापीठ-प्रवेशाच्या वाटेवरच्या तरुणांना आधी, हौशीनं शिकणारे, निवृत्त, पुन्हा पुन्हा येणारे यांना नंतर. सिटी कॉलेजातल्या पुष्कळांना ते मान्य नव्हतं. त्यांच्या लेखी पन्नाशीतली चिनी आजी आणि बर्कलीला निघालेला एकोणीस वर्षांचा पोरगा यांत पहिला-दुसरा असा क्रमच नव्हता. संकटात कॉलेजला आपल्या ध्येयाचा मसुदा आवळावा लागला.

जुलै २०१३ मध्ये निकाल आला: ३१ जुलै २०१४ पासून मान्यता रद्द. अमेरिकेत मान्यता गेली की केंद्राची विद्यार्थी-मदत आणि राज्याचं अनुदान दोन्ही जातं. म्हणजे दुकान बंद. राज्यानं निवडून आलेल्या विश्वस्तांना बाजूला सारून एक विशेष विश्वस्त नेमला. कॉलेज मरणार म्हटल्यावर विद्यार्थी सोडून गेले. काही वर्षांत जवळपास एक तृतीयांश संख्या घटली, आणि संख्येवर अनुदान असल्यानं खड्डा आणखी खोल झाला.

गाव मात्र डगमगलं नाही. नोव्हेंबर २०१२ मध्येच मतदारांनी दर मालमत्तेमागे वर्षाला ७९ डॉलरचा जादा कर कॉलेजसाठी मंजूर केला होता, दोन तृतीयांशांहून जास्त मतांनी. ऑगस्ट २०१३ मध्ये शहराचे वकील डेनिस हरेरा यांनी मान्यता मंडळावरच खटला भरला. मंडळाच्या अध्यक्षांचे पती पाहणी पथकात होते, हे केंद्रीय शिक्षण खात्यानंही खटकणारं ठरवलं. जानेवारी २०१४ मध्ये न्यायाधीश कर्टिस कार्नाउ यांनी कॉलेज बंद करायला मनाई केली आणि बंद झाल्यास शहराचं नुकसान मोजता येणार नाही, अशा आशयाचं लिहिलं. पुढच्या वर्षी त्यांनी निकाल दिला: मंडळानं नियम मोडले, पथकात अध्यापक पुरेसे नव्हते, कॉलेजला बाजू मांडायची नीट संधी दिली नाही. जानेवारी २०१७ मध्ये सात वर्षांची पूर्ण मान्यता परत मिळाली.

त्याच्या पुढच्याच महिन्यात महापौर एड ली आणि नगरसेविका जेन किम यांनी जाहीर केलं की शहरातल्या रहिवाशांना सिटी कॉलेज मोफत. पैसा कुठून? नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदारांनी पन्नास लाख डॉलरवरच्या मालमत्ता-विक्रीवरचा कर वाढवला होता. त्या जोरावर वर्षाला ५४ लाख डॉलर. ज्यांची फी आधीच माफ होती त्या गरीब विद्यार्थ्यांना पुस्तकांसाठी पूर्णवेळ शिकल्यास सत्राला २५० डॉलर. उत्पन्नाची, वयाची अट नाही. १९८४ पूर्वीचा काळ निदान एका शहरापुरता परत आला आणि त्या शरदातल्या सत्रात क्रेडिट वर्गांची नोंदणी मागल्या वर्षापेक्षा सुमारे १६ टक्के वाढली. २०१८ मध्ये कॉलेजसमोरच्या फेलन अव्हेन्यूचं नाव बदलून फ्रिडा काहलो वे झालं. फेलन घराण्यातले सिनेटर जेम्स फेलन आशियाई लोकांविरुद्धच्या प्रचारावर निवडणूक लढले होते. त्या रस्त्यावरून रोज शिकायला येणाऱ्यांत आशियाईच जास्त.

फी माफ झाली, पण मास्तरांचे पगार फीतून निघत नाहीत. २०१९ च्या नोव्हेंबरात पुढच्या सत्रातले सुमारे ३०० वर्ग एका झटक्यात रद्द झाले. ज्येष्ठ नागरिकांचे, कलेचे, हौसेचे वर्ग आधी बळी गेले. मार्च २०२० मध्ये त्याच शहरातल्या मतदारांनी कॉलेजच्या इमारतींसाठी ८४ कोटी ५० लाख डॉलरचे रोखे मंजूर केले. कायद्यानं रोख्यांचा पैसा विटा-सिमेंटलाच लावता येतो, पगाराला नाही. ऑगस्टमध्ये नगरमंडळानं जुन्या बराकींच्या जमिनीवर, जिथे कॉलेजच्या गाड्या उभ्या राहत, १,१०० घरांना परवानगी दिली. त्यांतली काही शिक्षकांसाठी. मे २०२२ मध्ये विश्वस्तांनी ३८ पूर्णवेळ शिक्षकांना कमी केलं. रिव्हेरांचं चित्र त्या वेळी शहरातल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात पाहुणं होतं: २०२१ मध्ये मोठ्या खटपटीनं तिथे हलवलेलं, मागे सरून बघायला भरपूर जागा असलेलं, टेकडीवर नवं नाट्यगृह कधी उभं राहतं त्याची वाट बघत.